नवशिक्यांच्या मेंढपाळ कुत्रा ट्रायलमध्ये उतरण्यापूर्वी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवशिक्यांचा वर्ग म्हणजे नेमका कोणाचा वर्ग?

ट्रायल म्हणजे कुत्र्याकडून मेंढ्या वळवून घेण्याची स्पर्धा, आणि हँडलर म्हणजे त्यात कुत्र्याला आज्ञा देणारा माणूस. नवशिका कोणाला म्हणायचे याचे उत्तर आयोजकांनुसार बदलते. काही ठिकाणी कुत्रा नवखा असणे पुरेसे असते, काही ठिकाणी हँडलरही नवखा असावा लागतो. त्याशिवाय ‘नर्सरी’ नावाचा वेगळा वर्ग तरुण कुत्र्यांसाठी असतो आणि त्यात साधारणतः तीन वर्षांखालील कुत्रे उतरतात. अनुभवी हँडलर आपला नवा कुत्रा घेऊन नर्सरीत सर्रास उतरतात, त्यामुळे त्या वर्गाला सोपा समजून कोणी जाऊ नये. प्रवेशिका भरण्यापूर्वी आयोजकांचे नियम पूर्ण वाचावेत आणि पात्रतेबद्दल शंका असेल तर ट्रायलच्या सचिवांना आधीच विचारावे.

मैदानात कुत्र्याला आणि हँडलरला काय करायचे असते?

हँडलर एका खांबापाशी उभा राहतो. दूरवर, मैदानाच्या वरच्या टोकाला, तीन ते पाच मेंढ्या उभ्या केलेल्या असतात. तिथून पुढे काम टप्प्याटप्प्याने होते.

पहिला टप्पा आऊटरनचा. कुत्रा हँडलरच्या पायापासून निघून, मेंढ्यांना न बुजवता, वर जाताना रुंद होत जाणाऱ्या वळणाने त्यांच्या मागे पोहोचतो. दुसरा टप्पा लिफ्टचा. मेंढ्या कुत्र्याची उपस्थिती मान्य करून पहिले पाऊल टाकतात तो हा क्षण असतो आणि तो काही सेकंदांचाच असतो. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे फेचमध्ये, कुत्रा मेंढ्यांना सरळ रेषेत हँडलरकडे आणतो आणि वाटेत दोन आडव्या कुंपणपट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेतून, म्हणजेच फाटकातून, त्यांना काढतो. मेंढ्या हँडलरच्या पाठीमागून वळसा घेतात आणि ड्राइव्ह सुरू होतो. त्यात कुत्र्याला मेंढ्या हँडलरपासून दूर हाकत न्याव्या लागतात. नवशिक्यांच्या वर्गात हा टप्पा बहुधा आखूड असतो, आणि काही ठिकाणी त्याऐवजी हँडलर पुढे चालतो व कुत्रा मेंढ्यांना त्याच्या मागे आणतो. शेवटी पेन, म्हणजे मेंढ्यांना लहानशा वाड्यात कोंडणे. चालू कळपातून ठरावीक मेंढ्या वेगळ्या काढण्याचे शेड हे काम नवशिक्यांना बहुतेक ठिकाणी दिले जात नाही.

अंतरांचा अंदाज यावा म्हणून सांगायचे, तर राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धांत आऊटरन सुमारे 400 यार्डांचा असतो आणि आंतरराष्ट्रीय अंतिम फेरीत तो 800 यार्डांच्या आसपास जातो. नवशिक्यांसाठी हे अंतर त्याच्या अंशानेच असते.

गुण कसे दिले जातात?

परीक्षक गुण देत नाही, तो गुण कापतो. प्रत्येक टप्पा पूर्ण गुणांनी सुरू होतो आणि आदर्श कामापासून जितके विचलन होईल तितकी वजावट होते. बहुतेक ठिकाणी रूढ असलेली विभागणी अशी आहे: आऊटरनला 20, लिफ्टला 10, फेचला 20, ड्राइव्हला 30, शेडला 10 आणि पेनला 10. शेड नसेल तर एकूण गुण त्या प्रमाणात कमी होतात.

या आकड्यांकडे नवशिक्यांनी नीट पाहावे. मेंढ्या हँडलरपर्यंत पोहोचेतो 50 गुणांचा निकाल लागलेला असतो. तरीही सरावाचा बहुतेक वेळ वाड्याच्या दारात घालवणारे हँडलर पुष्कळ दिसतात, कारण तिथले यश डोळ्यांना चटकन दिसते. आऊटरन आणि लिफ्ट स्वच्छ झाली तर मेंढ्या कुत्र्यावर विश्वास ठेवून शांत चालतात आणि पुढचे टप्पे आपोआप सोपे होतात, तर लिफ्टलाच बुजलेल्या मेंढ्या वाड्यापर्यंत बुजलेल्याच राहतात. परीक्षकाचे लक्षही कुत्र्यापेक्षा मेंढ्यांच्या वाटेवर अधिक असते. रेषा सरळ आहे का, चाल एकसारखी आहे का, मेंढ्या डोके वर करून सैरावैरा पाहत आहेत का, हे तो पाहतो.

माझा कुत्रा तयार आहे हे कसे ओळखावे?

मेंढ्यांमागे कुत्रा उत्साहाने धावतो ही तयारीची खूण नव्हे. तयार कुत्रा ओळखण्यासाठी साध्या वाटणाऱ्या पण कठोर कसोट्या आहेत. पहिली कसोटी थांबण्याची: मेंढ्या चालत असताना, कुत्रा त्यांच्या मागे आणि हँडलरपासून दूर असताना, एका आज्ञेत तो थांबतो का? घराच्या अंगणात बसणारा कुत्रा मैदानावर थांबेलच असे नाही, कारण तिथे त्याची उपजत ओढ आज्ञेच्या विरुद्ध दिशेने काम करत असते. दुसरी कसोटी परत येण्याची: काम संपल्यावर मेंढ्या समोर असतानाही तो हाकेला येतो का? तिसरी, दोन्ही बाजूंनी तो सारखाच रुंद वळतो का? बहुतेक कुत्र्यांची एक बाजू आवडती असते आणि नावडत्या बाजूने ते मेंढ्यांच्या अंगावर आत घुसतात.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची असूनही सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. कुत्रा अनोळखी मेंढ्यांवर, अनोळखी मैदानात, हे सर्व करतो का? घरच्या मेंढ्या अनेकदा कुत्र्याला इतक्या सरावलेल्या असतात की त्या आपण होऊनच हँडलरच्या पायाशी येतात आणि कुत्र्याने फेच केला असा भास होतो. ट्रायलच्या मेंढ्यांना ते काम पाठ नसते. म्हणून प्रवेशिका भरण्यापूर्वी किमान दोन-तीन वेगवेगळ्या कळपांवर कुत्र्याला काम देऊन पाहावे. सरावाचा आऊटरन स्पर्धेच्या अंतरापेक्षा लांब असावा, म्हणजे स्पर्धेतले अंतर कुत्र्याच्या आवाक्यातले राहते.

वयाबद्दल म्हणाल, तर मेंढ्यांवरचे प्रत्यक्ष शिक्षण अनेक कुत्र्यांचे वर्षाच्या आतबाहेर सुरू होते. मेंढ्यांना मागे टाकून पुढे पोहोचण्याइतका वेग आणि दबाव सोसण्याइतकी समज येण्यापूर्वी पिल्लाला कळपात सोडू नये. त्यात पिल्लू जखमी होऊ शकते आणि मेंढ्याही.

बॉर्डर कॉलीच हवा का?

हवाच असे नाही, पण मैदानात तुम्हाला जवळजवळ तेच दिसतील. या स्पर्धांची रचनाच त्या जातीच्या कामाच्या पद्धतीभोवती झाली आहे: रुंद वळसा, खाली झुकलेले डोके, रोखलेली नजर, न भुंकता टाकलेला दाब. केल्पी व इतर काही जातींचे कुत्रेही चांगले काम करतात आणि अनेक खुल्या ट्रायलमध्ये जातीचे बंधन नसते. मात्र इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटीच्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी त्या संस्थेकडे कुत्र्याची नोंदणी लागते. भुंकून कळप हाकणाऱ्या न्यूझीलंडच्या हंटअवेसाठी त्या देशात स्पर्धांचे स्वतंत्र प्रकार आहेत.

कळपाची राखण करणारा कुत्रा यात उतरू शकतो का?

नाही. राखणदार कुत्रा कळपात मिसळून राहतो आणि हिंस्र प्राण्यांना दूर ठेवतो, तर वळणारा कुत्रा बाहेरून दाब देऊन कळप हलवतो. दोघांच्या उपजत प्रवृत्ती एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

आज्ञा इंग्रजीतच द्याव्या लागतात का, आणि शिट्टी आवश्यक आहे का?

कोणत्याही भाषेतल्या आज्ञा चालतात. रूढ शब्द असे आहेत: घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळण्यासाठी ‘कम बाय’, उलट दिशेने वळण्यासाठी ‘अवे’, थांबण्यासाठी ‘लाय डाऊन’, मेंढ्यांकडे चालत जाण्यासाठी ‘वॉक अप’ आणि काम सोडून परत येण्यासाठी ‘दॅट विल डू’. स्वतःचे शब्द निवडायचे असल्यास ते एकमेकांपासून कानाला स्पष्ट वेगळे वाटले पाहिजेत.

शिट्टी नियमाने बंधनकारक नसते, पण लवकर शिकलेली बरी. वाऱ्यात ती आवाजापेक्षा दूर पोहोचते. याहून मोठे कारण असे की हँडलर घाबरला की त्याचा आवाज चढतो, चढलेल्या आवाजाने कुत्र्याचा वेग वाढतो आणि मेंढ्या पळू लागतात. शिट्टीत घाबरलेपणा इतका सहज उतरत नाही. मेंढपाळाची चपटी शिट्टी तोंडात धरून वाजवायला काही आठवडे लागतात, आणि तो सराव कुत्र्यापासून दूर करावा. वेड्यावाकड्या शिट्ट्या ऐकत राहिलेला कुत्रा नंतर खऱ्या शिट्टीकडेही लक्ष देत नाही.

कुत्र्याला डावीकडून सोडावे की उजवीकडून?

हा प्रश्न प्रत्येक नवशिक्या विचारतो आणि बहुतेक जण ‘माझ्या कुत्र्याची उजवी बाजू चांगली आहे’ एवढ्यावरच निर्णय घेतात. निर्णय मैदान पाहून घ्यायचा असतो.

मेंढ्यांना कुठेतरी जायची ओढ असते. ज्या फाटकातून त्यांना आत आणले, जिथे उरलेला कळप उभा आहे, किंवा जिथे सावली अथवा चारा आहे, तिकडे त्यांचा कल राहतो. आपल्या आधीच्या चार-पाच स्पर्धकांच्या धावा, म्हणजे मैदानातल्या पाळ्या, नीट पाहिल्या, तर लिफ्टनंतर मेंढ्या सारख्या एकाच बाजूला झुकत आहेत हे लक्षात येते. ओढ जोरदार असेल तर ज्या बाजूला मेंढ्या निसटतात त्याच बाजूने कुत्रा पाठवणे सहसा शहाणपणाचे ठरते, कारण कुत्रा वर पोहोचेपर्यंत त्या हलल्या तरी तो त्यांच्या वाटेवर असतो. पलीकडच्या बाजूने पाठवलेल्या कुत्र्याला पूर्ण वळसा घालून मग त्यांना गाठावे लागते.

यानंतर जमिनीचा उंचसखलपणा पाहावा. खोलगट भागात शिरलेल्या कुत्र्याला मेंढ्या दिसेनाशा होतात आणि अनुभव नसलेला कुत्रा तिथे वाट बदलतो. कुंपण जवळ असलेल्या बाजूने रुंद जायला जागा उरत नाही. हे सर्व सारखे असेल तेव्हाच कुत्र्याच्या आवडत्या बाजूचा विचार करावा. पाठवताना कुत्रा खांबाच्या त्याच बाजूला उभा असावा. हँडलर आणि मेंढ्या यांना जोडणारी काल्पनिक रेषा कुत्र्याने वाटेत ओलांडली, तर आऊटरनचे बहुतेक सर्व गुण जातात. वाटेत दिलेल्या प्रत्येक अतिरिक्त आज्ञेलाही वजावट असते. तरीही कुत्रा उघड उघड आत वळू लागला असेल तर त्याला थांबवून पुन्हा बाहेर पाठवावे. दोन-तीन गुण गेलेले परवडतात, पांगलेला कळप परवडत नाही.

फेचमध्ये मेंढ्या फाटकाबाहेरून गेल्या तर पुन्हा आणता येतात का?

रूढ नियमांनुसार नाही. फाटकाला एकच संधी असते, चुकलेल्या मेंढ्यांचे गुण कापले जातात आणि काम पुढे चालू राहते. दोन पट्ट्यांमधले अंतर 7 यार्ड असते. दूरून मात्र ते अरुंद दिसते आणि त्या फाटकाच्या उजव्या-डाव्या बाजूचा अंदाज खांबापाशी उभे राहून चुकतो. म्हणून मेंढ्या फाटकाजवळ आल्यावर दुरुस्ती करू नये. बऱ्याच आधी, रेषा थोडीशी सुटताच, लहान दुरुस्ती करावी. कुत्र्याने बाजू बदलल्यापासून मेंढ्यांनी दिशा बदलेपर्यंत थोडा वेळ जातो आणि नवशिक्यांच्या आज्ञा जवळजवळ नेहमी त्या थोड्या वेळाने उशिरा येतात.

कुत्र्याने मेंढीला चावा घेतला तर?

विनाकारण घेतलेल्या चाव्याला परीक्षक धाव थांबवून बाद ठरवू शकतो. अंगावर चालून येणाऱ्या मेंढीच्या नाकाशी केलेला झटका आणि पळणाऱ्या मेंढीच्या मांडीला लोंबकळणे यांत परीक्षक फरक करतात, पण तो त्यांचा अधिकार आहे आणि मैदानात त्यावर वाद घालता येत नाही. चाव्यामागे बहुतेकदा धास्ती असते. कुत्र्यावर दाब इतका येतो की त्याला दुसरे काही सुचत नाही. अशा कुत्र्याला शिक्षेपेक्षा जास्त अंतरावरून आणि सोप्या मेंढ्यांवर काम देण्याची गरज असते.

मेंढ्या वाड्याच्या तोंडापर्यंत येतात आणि तिथेच अडतात. काय चुकते?

बहुधा घाई चुकते. पेनसाठी हँडलर खांब सोडून वाड्याकडे जातो, दार उघडतो आणि दाराला बांधलेल्या 6 फुटी दोरीचे टोक हातात धरतो. मेंढ्या आत जाऊन दार बंद होईपर्यंत ती दोरी सोडता येत नाही. मेंढ्यांना हाताने किंवा काठीने स्पर्श करायचा नसतो. एका बाजूला हँडलर आणि उघडे दार, दुसऱ्या बाजूला कुत्रा, आणि मधे वाड्याचे तोंड अशी ती रचना असते.

मेंढीच्या शरीराभोवती एक अदृश्य सुरक्षित परीघ असतो. तो ओलांडून कोणी आत आले की ती हलते, आणि आणखी आत आले की उधळते. वाड्याच्या तोंडाशी पोहोचलेल्या मेंढ्यांना समोर बंदिस्त जागा दिसते आणि मागून दाब जाणवतो. त्या क्षणी कुत्रा एक पाऊल जास्त पुढे आला तर त्या वाड्याभोवती पळत सुटतात. म्हणून मेंढ्या तोंडाशी आल्यावर कुत्र्याला थांबवावे आणि त्यांना आत पाहू द्यावे. कळपातली पुढारी मेंढी कोणती हे तोपर्यंत लक्षात आलेले असले पाहिजे, कारण तिने डोके आत वळवले की बाकीच्या तिच्या मागे जातात. तिचे तोंड बाहेर असताना टाकलेला प्रत्येक दाब वाया जातो. मेंढ्यांनी वाड्याकडे तोंड केले की दाब कमी करायचा आणि बाहेर पाहू लागल्या की किंचित वाढवायचा, ही देवघेव मेंढ्यांना पटकन समजते.

हँडलरने स्वतःच्या हालचालीकडेही पाहावे. काठी फिरवणे, दोरी ताणून पुढे झेपावणे, कुत्र्याला एकामागोमाग एक आज्ञा देणे, यांतल्या प्रत्येकाने मेंढ्यांवर दाब येतो आणि त्याचा दोष कुत्र्याला दिला जातो.

धाव बिघडत चालली असेल तर मधेच सोडावी का?

हो, आणि नवशिक्यांनी हा पर्याय आजच्या तुलनेत जास्त वेळा वापरावा असे माझे स्पष्ट मत आहे. कुत्रा आज्ञा ऐकेनासा झाला असेल, मेंढ्या धापा टाकत असतील किंवा एखादी कुंपणावर आदळण्याच्या बेतात असेल, तर परीक्षकाला खूण करून धाव सोडून द्यावी आणि पुढे जाऊन कुत्रा ताब्यात घ्यावा. धाव सोडणाऱ्याला गुण मिळत नाहीत, तर वेळ संपल्यामुळे थांबावे लागलेल्याचे तोपर्यंतचे गुण बहुतेक ठिकाणी राहतात. या फरकामुळे लोक ओढून ताणून वेळ संपेपर्यंत मैदानात राहतात. मात्र आज्ञा मोडूनही मेंढ्यांमागे पळता येते हे तरुण कुत्र्याने एकदा अनुभवले, की ते त्याच्या मनातून काढायला पुष्कळ सराव खर्ची पडतो. धाव सोडणे हा अपमान समजला जात नाही. अनुभवी हँडलरही नर्सरीच्या कुत्र्यांबाबत असेच करतात.

उन्हात कोणती काळजी घ्यावी?

काम करणारा चांगला कुत्रा स्वतःहून थांबत नाही, त्यामुळे ती जबाबदारी पूर्णपणे हँडलरची आहे. लांब बाहेर आलेली रुंद जीभ, अडखळती चाल, हरवलेली नजर ही अतिउष्णतेची चिन्हे आहेत. ती दिसताच काम थांबवून कुत्र्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी घालून वाऱ्याला ठेवावे आणि पशुवैद्यकाला गाठावे. मैदानाच्या बाहेर पाण्याची टाकी ठेवलेली असते, धावेनंतर कुत्र्याला तिच्यात बसू द्यावे. लोकरीखालच्या मेंढ्यांनाही तेवढाच ताप होतो, हे सरावाच्या दिवशी जास्त लक्षात ठेवावे, कारण तिथे परीक्षक नसतो.

मैदानाबाहेर कसे वागावे?

आपली पाळी येईपर्यंत कुत्रा साखळीला असावा आणि मेंढ्या उभ्या करण्याच्या जागेकडे त्याला नेऊ नये. मादी माजावर असेल तर आयोजकांना आधी कळवावे. कुत्र्याचे जंतनाशन वेळेवर झालेले असावे आणि त्याची विष्ठा उचलावी. काही फीतकृमींचा जीवनक्रम कुत्रा आणि मेंढी या दोघांतून पूर्ण होतो, आणि त्यामुळे मेंढीचे मांस विक्रीयोग्य राहत नाही. मेंढ्या ज्याच्या आहेत त्याच्या शेतावर आपण पाहुणे असतो.

शक्य असेल तर दिवसभर थांबून परीक्षकाच्या गुणलेखकाचे काम करावे. प्रत्येक वजावट कशासाठी झाली हे तिथे बसून जितके कळते, तितके स्वतः धावून कळत नाही.

ही स्पर्धा इतकी शांत पद्धत का मागते?

ज्या ट्रायलपासून या स्पर्धांचा इतिहास सहसा मोजला जातो, ती 9 ऑक्टोबर 1873 रोजी वेल्समधील बाला येथे झाली. तिथे जेम्स थॉमसन या स्कॉटिश मेंढपाळाने ट्वीड नावाच्या कुत्र्यासह विजय मिळवला. पुढे 1893 मध्ये नॉर्थम्बरलँडमध्ये अ‍ॅडम टेलफर यांच्याकडे ओल्ड हेम्प हा कुत्रा जन्मला. त्याची कामाची पद्धत भुंकण्या-झेपावण्याची नव्हती, तो शांतपणे आणि नजरेच्या दाबाने मेंढ्या वळवत असे. त्याचा वंश मोठ्या प्रमाणात पसरला आणि 1906 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटीच्या नोंदींत तो जातीचा मूळपुरुष मानला जातो. शांततेचा आग्रह मात्र केवळ वंशामुळे नाही. डोंगरावर पळवलेल्या मेंढ्यांचे वजन घटते, गाभण मेंढ्यांचे गर्भ पडू शकतात आणि कोकरे आयांपासून तुटतात. परीक्षक ज्या गोष्टींचे गुण कापतो त्या बहुतेक अशा आहेत की ज्यांचा तोटा मेंढपाळाला प्रत्यक्ष सोसावा लागतो.

पुढच्या वर्गात केव्हा जावे?

काही ठिकाणी हा निर्णय नियमच घेतात, कारण ठरावीक यश मिळवलेला कुत्रा नवशिक्यांच्या वर्गात अपात्र होतो. निर्णय हँडलरच्या हाती असेल तर ड्राइव्ह पाहावा. हँडलरकडे मेंढ्या आणणे कुत्र्याच्या स्वभावात असते, दूर नेणे शिकवावे लागते. मैदानाच्या आडव्या रेषेत, दोन्ही दिशांनी, कुत्रा वळून मेंढ्यांच्या पुढे न जाता त्यांना चालवत असेल तर तो तयार आहे. त्यासोबत शेडचा सराव सुरू करावा, पण पाच मेंढ्यांवर नव्हे. सुरुवातीला वीस-पंचवीस मेंढ्यांचा कळप घ्यावा, कारण इतक्या मेंढ्यांत मोकळी फट आपोआप पडते, आणि हँडलरने हाक मारताच कुत्रा त्या फटीतून निर्धास्तपणे आत येऊ लागला की मगच कळपाची संख्या एकेक करून कमी करत जावी.